परदेशातले सुट्टीचे घर आणि अडचणीतली बँक: कोल्हापुरात बसून करायची कामे, क्रमाने

दुबईत एक बेडरूमचा फ्लॅट, सायप्रसमध्ये समुद्राजवळचे छोटे घर, स्पेनच्या किनाऱ्यावरचा एखादा गाळा. अशी घरे घेतलेली कुटुंबे आता शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखानदारांत आहेत, तशी राजारामपुरी-ताराबाई पार्कातल्या डॉक्टरांतही आहेत. त्या देशात घरांचे भाव कोसळू लागले आणि बँकांपुढे रांगा लागल्या की इथे पहिला प्रश्न येतो, "आता घराची किंमत किती उरली?" पहिल्या महिन्यात या प्रश्नाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. विकायला काढले नाही तोवर किंमत कागदावरच पडलेली असते. खरी गाठ पडते ती वेगळ्याच ठिकाणी: वीजबिल ज्या खात्यातून जाते ते खाते गोठते, सोसायटीचे पैसे थकतात, कर्जाचा हप्ता चुकतो, आणि घर आपल्या नावावर पक्के चढलेलेच नाही हे तेव्हा कळते.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा आहे: आधी खाते, मग पैसे पाठवण्याचा कायदेशीर रस्ता, मग मालकीचे कागद, मग कर्ज, आणि त्यानंतरच घर ठेवायचे की विकायचे याचा हिशेब.

पहिला आठवडा: खाते

घरे आणि बँका एकत्र का बुडतात हे थोडक्यात समजून घ्या. बँकांनी बिल्डरला कर्ज दिलेले असते आणि ग्राहकालाही. भाव पडले की दोन्ही कर्जे थकतात, तारण पुरत नाही, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि सरकार दरवाजे बंद करते. २००८ नंतर आयर्लंड आणि स्पेनमध्ये मूळ दुखणे हेच होते. सायप्रसमध्ये त्यात ग्रीसच्या सरकारी रोख्यांतल्या नुकसानीची भर पडली.

दरवाजे बंद होतात म्हणजे नेमके काय होते? सायप्रसमध्ये १६ मार्च २०१३ ला बंद झालेल्या बँका २८ मार्चला उघडल्या, तेव्हा दिवसाला ३०० युरोच काढता येत होते. लायकी बँक मोडीत निघाली. बँक ऑफ सायप्रसमध्ये १ लाख युरोंच्या वरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे बँकेच्या शेअरमध्ये रूपांतर झाले, म्हणजे ठेवीदाराला विचारल्याशिवाय त्याला भागधारक केले गेले. निर्बंध पूर्ण उठायला एप्रिल २०१५ उजाडला. ग्रीसमध्ये २९ जून ते २० जुलै २०१५ बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत, आणि शेवटचे निर्बंध सप्टेंबर २०१९ मध्ये गेले. आपल्याकडे २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला १,००० रुपयेच काढता येत होते, ते आठवत असेल तर वेगळे समजावून सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून काढा.

त्या देशातल्या तुमच्या खात्यातून आपोआप काय काय जाते: वीज, पाणी, इंटरनेट, सोसायटीचे शुल्क, विमा, स्थानिक कर, कर्जाचा हप्ता. प्रत्येकापुढे तारीख, रक्कम आणि ग्राहक क्रमांक लिहा. ऑनलाइन खाते उघडत असेल तेवढ्यात मागच्या २४ महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. संकटात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली की जुने लॉगिन बंद पडते, आणि तीच स्टेटमेंट पुढे इथल्या आयकराला लागतात.

ठेव विम्याची मर्यादा. युरोपीय संघात ती एका ठेवीदाराला, एका बँकेत १ लाख युरो आहे. खाती कितीही असोत, एका बँकेत सगळी मिळून एकच मर्यादा. पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर दोघांची मर्यादा वेगळी मोजतात. (आपल्याकडची मर्यादा २०२० पासून ५ लाख रुपये आहे, पतसंस्थांना तेही संरक्षण नाही.) बँक मूळची दुसऱ्या देशाची असेल तर विमा कोणत्या देशाचा, हे लेखी विचारा. नुसती शाखा असेल तर बहुधा मूळ देशाचा विमा लागतो, स्थानिक उपकंपनी असेल तर स्थानिक. आणि विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सायप्रसमध्ये पहिल्या प्रस्तावात विमा असलेल्या ठेवींवरही ६.७५ टक्के कपात होती. तिथल्या संसदेने तो १९ मार्चला फेटाळला म्हणून लहान ठेवीदार वाचले.

त्याच बँकेचे कर्ज आहे का. ठेव आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर वळते करून घेण्याचा हक्क करारात कोणाला दिला आहे ते वाचा. कधी तो तुमच्या फायद्याचा ठरतो, कधी बँकेच्या.

आता कृती. स्थानिक खात्यात ३ महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त ठेवू नका. बाकीची एक वर्षाच्या खर्चाची गंगाजळी कोल्हापुरातच, तुमच्या भारतीय बँकेत राहू द्या. याला कायद्याचेही कारण आहे: निवासी भारतीयाला परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून, पाठवलेले आणि न वापरलेले परकीय चलन गुंतवले नाही तर १८० दिवसांत परत आणावे लागते. "तिकडे पडून असू दे" हा बेत संकटात धोक्याचा आणि एरवीही नियमबाह्य आहे.

तिथे प्रत्यक्ष जायचे असेल तर भारतीय बँकेचे कार्ड जवळ ठेवा. ग्रीसमध्ये ६० युरोंची मर्यादा परदेशी बँकांच्या कार्डांना नव्हती. एटीएममध्ये नोटा आहेत की नाहीत एवढाच प्रश्न असे. देशांतर्गत ऑनलाइन बिल भरणाही चालू होता, अडले होते ते देशाबाहेर जाणारे पैसे. म्हणून खात्यात अडकलेल्या रकमेतून आधी तिथली सगळी देणी, शक्य तर पुढच्या वर्षाचे सोसायटी शुल्क आणि विमासुद्धा, आगाऊ भरून टाका. अडकलेल्या पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग त्या काळात सापडत नाही.

लेबनॉनमध्ये २०१९ नंतर याचे टोकाचे रूप दिसले. जुन्या खात्यातले डॉलर बाहेर काढता येईनात, लोक त्यांना "लोलार" म्हणू लागले, आणि बाहेरून नव्याने आलेले "फ्रेश डॉलर" वेगळे मोजले जाऊ लागले. अशा ठिकाणी जुने आणि नवे पैसे एका खात्यात कधीही मिसळू देऊ नका. नव्या पैशांसाठी वेगळे खाते उघडा आणि ते काढता येतील याची लेखी खात्री घ्या.

कोल्हापुरातून पैसे पाठवताना

स्थानिक सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा चेक यात चालत नाही. परकीय चलनाचा व्यवहार करण्याची परवानगी असलेल्या बँकेतून, म्हणजे अधिकृत डीलर बँकेतून, ए-२ फॉर्म भरून आणि पॅन देऊनच रक्कम जाते. अनेक शाखांमध्ये कागद इथे घेतात आणि मंजुरी दुसऱ्या शहरातल्या परकीय चलन विभागातून येते. शेवटच्या तारखेला शाखेत गेलात तर हप्ता चुकणारच. निदान ७ ते १० दिवस हातात ठेवा.

मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार अमेरिकी डॉलर. त्यात घराची रक्कम, मुलाच्या शिक्षणाचे पैसे, परदेशातले डेबिट कार्डाचे खर्च, सगळे येते. पती-पत्नी दोघांची मर्यादा एकत्र वापरायची असेल तर घरावर दोघांची नावे हवीत. सहमालक नसलेल्या आईच्या किंवा मुलाच्या मर्यादेतून घराचा हप्ता पाठवणे चालत नाही, आणि ही चूक घरोघरी होते. पैसे कशासाठी जातात हे सांगणारा हेतू-संकेत घर खरेदीसाठी एस०००५ आहे. देखभाल किंवा वकिलाची फी असेल तर तसे खरे सांगून योग्य संकेत बँकेकडून लावून घ्या. "भेट" किंवा "कुटुंबाचा निर्वाह" असे लिहून घराचे पैसे पाठवू नका. विकताना पैशांचा माग दाखवावा लागतो आणि तो तिथेच तुटतो.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर, विसरू नका. घरासाठी पाठवलेल्या रकमेवर, सगळ्या बँका मिळून वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेल्यावर, २० टक्के कर बँक आधीच कापते. ६० लाख पाठवायचे तर ५० लाखांवर १० लाख टीसीएस, म्हणजे खात्यात ७० लाख हवेत. हा कर वाया जात नाही. तो फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो, आगाऊ कराच्या हप्त्यात वळता करता येतो, उरला तर परतावा मिळतो. पण रोकड काही महिने अडकते, आणि धंद्यात उसाचे बिल किंवा फौंड्रीचा कच्चा माल याच काळात द्यायचा असेल तर ते आधीच मोजायला हवे. उलट, घराचा वार्षिक खर्च ३-४ लाख असेल आणि दुसरे काही पाठवायचे नसेल तर टीसीएस लागतच नाही.

तीन वाटा पूर्ण बंद समजा. घराचे हप्ते भरण्यासाठी भारतीय बँकेकडून कर्ज: एलआरएसमधल्या भांडवली व्यवहारासाठी बँका ते देऊ शकत नाहीत. बिल्डरच्या लिंकवर क्रेडिट कार्ड वापरून बुकिंग: मालमत्ता खरेदी हा भांडवली व्यवहार आहे, तो बँकेतून फॉर्म भरूनच करायचा. आणि निर्यातीचे येणे परदेशातच थांबवून त्यातून फ्लॅटचा हप्ता, किंवा हवाला. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढ्या किमतीची भारतातली मालमत्ता जप्त होऊ शकते. घर पडत्या भावाचे आणि दंड पूर्ण रकमेवर, असा तो व्यवहार होतो.

आखातातून परत आलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. परदेशात निवासी असताना तिथल्या कमाईतून घेतलेले घर भारतात कायम परतल्यावरही ठेवता येते, आणि तसे घर वारशाने मिळाले तरी ठेवता येते. फक्त तेव्हाचा व्हिसा, पगाराची स्लिप आणि खरेदीखत एका फाइलमध्ये जपून ठेवा.

घर खरोखर तुमच्या नावावर आहे का

संकटात सगळ्यात जास्त माणसे इथे बुडतात, म्हणून यावर वेळ घालवा.

सायप्रसमध्ये हजारो ग्राहकांनी पूर्ण पैसे भरले, चाव्या घेतल्या, वर्षानुवर्षे राहिले, पण मालकीपत्र निघाले नव्हते. बिल्डरने त्याच जमिनीवर बँकेचे कर्ज घेतलेले होते. बिल्डर बुडाल्यावर बँकेचा हक्क आधी आणि ग्राहकाचा नंतर. शेवटी २०१५ मध्ये अशा अडकलेल्या ग्राहकांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तिथे करार सही झाल्यापासून ६ महिन्यांत भूमी नोंदणी कार्यालयात जमा करणे हे खरे संरक्षण आहे. तसा जमा केलेला करार त्या मालमत्तेवर बोजा म्हणून चढतो. तुमच्या करारावर जमा केल्याचा शिक्का आणि तारीख आहे का, आज पाहा.

स्पेनमध्ये नोंदणी कार्यालयातून "नोता सिंपले" नावाचा छोटा उतारा मिळतो: मालक कोण, कर्ज किती, जप्ती आहे का. आपल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्याकडे जसे डोळे जातात तसेच इथे बोजाच्या भागाकडे जाऊ द्या. सोसायटीची थकबाकी तिथे घराला चिकटते. नवा मालक चालू वर्षाची आणि आधीच्या ३ वर्षांची बाकी देणे लागतो, त्यामुळे संकटात स्वस्त मिळणारे दुसरे घर घेण्याचा मोह झाला तर आधी सोसायटीचा ना-बाकी दाखला मागा. बांधकाम चालू असताना भरलेल्या रकमेसाठी १९६८ च्या कायद्याने बँक हमी सक्तीची होती. बिल्डरने हमी दिली नसली तरी पैसे स्वीकारणारी बँक जबाबदार धरता येते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला. जुन्या पावत्या फेकू नका, असे वारंवार सांगतो ते यासाठी.

दुबईत २००८-०९ मध्ये भाव निम्म्याच्या आसपास आले आणि अर्धवट इमारती थांबल्या. त्याआधी २००७ मध्ये एस्क्रो खात्याचा, म्हणजे ग्राहकांचे पैसे फक्त त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवणाऱ्या खात्याचा, कायदा आला होता, २००८ मध्ये बांधकामाधीन घरांच्या नोंदणीचा. म्हणून आज तीन गोष्टी तपासा: प्रकल्पाचे एस्क्रो खाते आहे का, तुमची रक्कम त्याच खात्यात गेली का, आणि "ऊकूद" म्हणजे तात्पुरती नोंद तुमच्या नावाने आहे का. हप्ते थांबवायचा विचार असेल तर आधी हे वाचा: भूमी विभागामार्फत ३० दिवसांची नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करू शकतो. बांधकाम ६० टक्क्यांच्या पुढे गेले असेल तर घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, ६० टक्क्यांच्या आत असेल तर २५ टक्क्यांपर्यंत रक्कम तो ठेवून घेऊ शकतो. काम सुरूच झाले नसेल तर भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे किमतीच्या ३५ टक्के भरून, काम ७० टक्क्यांवर असताना तुम्ही थांबलात, तर हातात काही येईल अशी आशा धरू नका. त्याऐवजी हप्त्यांच्या तारखा पुढे ढकलण्याचा लेखी प्रस्ताव द्या. मंदीत बिल्डरला नवा ग्राहक मिळत नसतो, त्यामुळे तो ऐकण्याची शक्यता चांगली असते.

वकील बिल्डरने सुचवलेला नसावा. भाषा येत नसेल तर करार त्या देशात मान्यता असलेल्या अनुवादकाकडून करून घ्या; फोनमधल्या भाषांतरावर सही करू नका.

कर्ज असेल तर

कर्ज कोणत्या चलनात आहे, ते पहिले पाहा. सायप्रसमधल्या घरांसाठी अनेक ब्रिटिश ग्राहकांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये कर्जे घेतली. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० ची मर्यादा काढली आणि फ्रँक एका दिवसात उसळला. घराची किंमत घटत होती, कर्जाची रक्कम वाढत होती. तुमचे उत्पन्न रुपयात, घर युरोत आणि कर्ज तिसऱ्याच चलनात असेल तर ते कर्ज बदलून घेणे हे पहिले काम.

हप्ता जड जातोय तर चुकण्याआधी बँकेला लिहा. मागायच्या गोष्टी क्रमाने: ६ ते १२ महिने फक्त व्याज, मुदत वाढवणे, चलन बदलणे, आणि शेवटी बँकेच्या संमतीने विक्री करून उरलेल्या बाकीची तडजोड. जे ठरेल ते लेखी हवे, आणि "यापुढे येणे नाही" हे वाक्य त्यात हवे.

"चाव्या टाकू आणि कोल्हापूरला येऊ, इथे कोण येतंय" हा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नका. स्पेनमध्ये घर जप्त होऊन विकले तरी उरलेली बाकी कर्जदाराच्या अंगावर राहते. आणि संयुक्त अरब अमिरातींना भारताने जानेवारी २०२० मध्ये परस्पर मान्यता असलेला प्रदेश म्हणून अधिसूचित केले आहे. तिथल्या न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल होऊ शकतो. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँगचेही तसेच. इतर देशांच्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो, एवढाच फरक.

ठेवायचे की विकायचे: आकडे मांडून

भावनेने हा निर्णय घेऊ नका. मुलांचे फोटो आणि समुद्राचा वारा बाजूला ठेवून एक पान हिशेब करा. सोपे जावे म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. समजा घर १,५०,००० युरोंना घेतले, आज १,००,००० मिळतात, विक्रीचा खर्च ७,००० युरो. हातात ९३ लाख रुपये. ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सुमारे ६.५ लाख व्याज. घराचा वार्षिक खर्च (सोसायटी, विमा, कर, वीज-पाण्याचा स्थिर आकार, देखभाल करणारा माणूस) ३,००० युरो, म्हणजे ३ लाख. घर ठेवण्याची खरी किंमत वर्षाला ९.५ लाख झाली. तुम्ही तिथे वर्षाला ३ आठवडे राहत असाल तर एका रात्रीचे सुमारे ४५ हजार रुपये पडतात.

आता उलट बाजू. ५ वर्षांनी विकून आजच्या विक्रीइतकेच पदरात पडायला ९३ लाख अधिक ४७.५ लाख, म्हणजे १ लाख ४० हजार युरो निव्वळ हवेत; विक्रीखर्च धरून जवळपास मूळ खरेदीची किंमत. भाव ५ वर्षांत तिथवर येतील का? आयर्लंडमध्ये घरांच्या भावांनी २००७ ची पातळी पुन्हा गाठायला २०२२ उजाडले. रुपया घसरला तर हिशेब तुमच्या बाजूने झुकतो, हेही खरे, म्हणून हाच हिशेब ९० आणि ११५ च्या दराने पुन्हा करा.

भाड्याने देऊन खर्च भागवायचा असेल तर परवाना आधी, जाहिरात नंतर. स्पेनमध्ये जुलै २०२५ पासून अल्पमुदतीच्या भाड्याला नोंदणी क्रमांक लागतो आणि नव्याने सुरू करायला सोसायटीची संमतीही. ग्रीसमध्ये गुंतवणुकीच्या व्हिसासाठी नव्या नियमांखाली घेतलेले घर पर्यटकांना अल्पमुदतीवर देता येत नाही. व्हिसासाठी घर घेतले असेल तर विकण्याआधी व्हिसाचे काय होते ते पाहा. स्पेनने ती योजना एप्रिल २०२५ मध्ये बंदच केली.

आणि संकटात सरकार सुट्टीच्या घरांवर नवे कर लावते, हे धरूनच चला. ग्रीसने २०११ मध्ये मालमत्ता कर चक्क वीजबिलात घातला. भरला नाही तर वीज तोडण्याची तरतूद होती. आयर्लंडने २००९ ते २०१३ स्वतः राहत नसलेल्या घरावर वर्षाला २०० युरो लावले. रक्कम लहान, म्हणून परदेशी मालकांनी दुर्लक्ष केले. दंड चढत चढत पाच वर्षांची बाकी ७,२३० युरोंवर गेली आणि ती भरल्याशिवाय विक्री अडू लागली. वर्षातून एकदा स्थानिक हिशेबनिसाला "माझ्या घरावर नव्याने काय देणे लागले?" एवढा एकच प्रश्न ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

बंद घर

पाण्याचा मुख्य नळ बंद, पाणी तापवण्याची टाकी रिकामी, फ्रिज पुसून दार उघडे. वीज मात्र तोडू नका. जुन्या घराला पुन्हा जोडणी घेताना नवे तपासणी प्रमाणपत्र मागतात आणि वायरिंग बदलावे लागते. दुबईत एसी पूर्ण बंद ठेवला तर उन्हाळ्यात दमटपणाने भिंतींना आणि कपाटांना बुरशी येते. तो २६ ते २८ अंशांवर चालू ठेवतात. इमारतीला सामायिक शीतकरण असेल तर वापर नसला तरी क्षमतेचा आकार लागतोच, तो खर्चात धरा.

विम्यात घर सलग किती दिवस रिकामे चालते ते पाहा. अनेक पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस असतात आणि त्यानंतर पाणीगळती, चोरी वगळली जाते. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन मीटरचा तारीख दिसणारा फोटो पाठवावा; दावा करताना तोच पुरावा ठरतो.

विक्री आणि मुखत्यारपत्र

प्रत्येक सहीसाठी विमान पकडायचे नसेल तर मुखत्यारपत्र लागते. स्पेन, सायप्रस, ग्रीस, आयर्लंड हे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेले सरकारी प्रमाणपत्र, मानणारे देश आहेत: कोल्हापुरात नोटरी, मग राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, शेवटी त्या देशातल्या मान्यताप्राप्त अनुवादकाचे भाषांतर. अमिरातींसाठी अपोस्टील चालत नाही; परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का, तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, आणि अरबी भाषांतर. महिनाभर लागतो असे धरा. मसुदा आधी तिथल्या वकिलाकडून मागवा, कारण एक शब्द कमी असला तरी सगळी फेरी पुन्हा करावी लागते. अधिकार फक्त त्या एका घरापुरता द्या, मुदत घाला, आणि "विक्रीची रक्कम मालकाच्या भारतातील खात्यातच जमा होईल" हे कलम खाते क्रमांकासह लिहा. असे केले की पैसे अडचणीतल्या बँकेत एक रात्रही थांबत नाहीत.

स्पेनमध्ये अनिवासी विकणारा असेल तर खरेदीदार ३ टक्के कापून तिथल्या कर खात्यात भरतो. तोटा झाला असेल तर ती रक्कम परत मागता येते, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

इथला आयकर

निवासी भारतीयाने परदेशातले घर आयटीआर-२ किंवा ३ मधल्या एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या, अनुसूचीत दाखवायचेच, उत्पन्न असो वा नसो. घर तक्ता सी मध्ये, बँक खाते तक्ता ए१ मध्ये. काळ ३१ डिसेंबरला संपणारे कॅलेंडर वर्ष, आपले मार्चअखेर नव्हे. बँकेने ठेवीचे शेअर केले असतील, जसे सायप्रसमध्ये झाले, तर ते शेअर ए३ मध्ये येतात. हे हमखास राहून जाते. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे, पण स्थावर मालमत्तेला ती लागू नाही. बँक खात्यांची माहिती देशोदेशींच्या कर खात्यांत आपोआप देवघेव होते, तेव्हा "कळणार कसे" हा प्रश्न उरलेला नाही.

दोन घरे स्वतःच्या वापराची म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. कोल्हापुरातला बंगला, पुण्यातला फ्लॅट आणि परदेशातले घर अशी तीन असतील तर एकावर मानीव भाडे लागते. तिकडे भाड्यावर कर भरला असेल तर त्याची वजावट इथे मिळते, त्यासाठीचा फॉर्म रिटर्नच्या आधीच भरून टाका. अमिरातींत व्यक्तीच्या भाडे उत्पन्नावर कर नाही, म्हणून वजावटही नाही; पूर्ण कर इथे.

२४ महिन्यांनंतर विकले तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के. युरोत तोटा होऊनही रुपयात नफा निघू शकतो, कारण मधल्या काळात रुपया घसरलेला असतो. त्यामुळे खरेदीच्या दिवशीचे बँकेचे पत्र आणि दर जपा. त्या नफ्यातून भारतात घर घेतले तर सवलत मिळू शकते, परदेशात घेतले तर नाही. तोटाच झाला असेल तर रिटर्न वेळेत भरा; तरच तो ८ वर्षे पुढे ओढता येतो.

वारसा

इथले मृत्युपत्र तिकडे आपोआप चालत नाही. २०१५ पासून स्पेन, ग्रीस, सायप्रसमध्ये आपल्या राष्ट्रीयत्वाचा वारसा कायदा लागू व्हावा असे मृत्युपत्रात लिहिता येते. लिहिले नाही तर तिथला कायदा लागू होण्याची वेळ येऊ शकते. आयर्लंड त्या व्यवस्थेत नाही. दुबईत मुस्लिमेतरांसाठी २०१५ पासून मृत्युपत्र नोंदणीची सोय आहे. घर त्या देशात आहे तोवर त्या घरापुरते वेगळे मृत्युपत्र करा, आणि नव्या मृत्युपत्राने जुने रद्द होते असे सरसकट वाक्य इथल्या मृत्युपत्रात घालू नका, नाहीतर तिकडचेही रद्द होईल. घरातल्या आणखी एकाला वकिलाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, विमा पॉलिसी आणि सोसायटीच्या व्यवस्थापकाचा ई-मेल माहीत असू द्या. तो कागद खरेदीखताच्याच फाइलमध्ये, पहिल्या पानावर ठेवा.